बॅटरी चांगली होती

कुरखेड्याच्या आठवडी बाजारात, भरदुपारी, मी एका माणसाला चोर म्हटलं. माझा आवाज मोठा आहे. कांदे-बटाट्यांच्या ओळीपासून मासळीच्या ओळीपर्यंत सगळ्यांनी तो ऐकला.

तो माणूस मोबाइल दुरुस्त करतो. बस स्टँडच्या बाजूला, बाजाराच्या तोंडाशी त्याचं दुकान आहे. एक टेबल, एक दिवा, डोळ्याला लावायची काच आणि गिऱ्हाइकासाठी एक खुर्ची. त्याचा बाप त्याच टेबलावर घड्याळं दुरुस्त करायचा. हा पन्नाशीचा, कमी बोलणारा. बोलला तरी समोरच्याकडे न बघता हातातल्या वस्तूकडे बघून बोलतो. मला ते कधीच आवडलं नाही. जो डोळ्याला डोळा भिडवत नाही, त्याच्या मनात काहीतरी असतं, असं माझं मत होतं.

ते मत कुठून आलं, तेही सांगते. मी जंगलातून वेचून आणलेला मोह, चारोळी, हिरडा विकत घेते आणि पुढे व्यापाऱ्याला विकते. सुरुवात सुकी मासळी डोक्यावर घेऊन गावोगाव विकण्यापासून केली. चार वर्षं साठवलेल्या पैशांतून पहिल्यांदा चारोळी घेतली आणि ती स्वतः चंद्रपूरला घेऊन गेले. तिथल्या व्यापाऱ्यानं माझ्या डोळ्यांदेखत वजन कमी भरवलं. मी बोलले तर तो हसला, आणि तो हसला म्हणून दुकानातले सगळे हसले. परतीच्या बसमध्ये मी रडले नाही. एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की केली. समोर दुकान मांडून कुणी बसला असेल तर तो आधी चोर, मग माणूस. या हिशेबानं माझं बरंच भलंही झालं. मी कुणाकडून फसले नाही. भाव पाडून घेण्यात तालुक्यात माझा हात धरणारं कुणी नाही, हे लोक तोंडावर म्हणतात आणि मला ते ऐकायला बरं वाटतं.

पण ज्या बायकांकडून मी माल घेते त्यांना मी त्या व्यापाऱ्यासारखं कधीच फसवलं नाही. माझी खरेदीची एक पद्धत आहे. आमच्या गावाबाहेर एक बोडी आहे, म्हणजे शेतीच्या पाण्याचं लहान तळं. तिच्या पाळीवर फोनला एखादी दांडी रेंज मिळते. गावात ती धड टिकत नाही, पलीकडच्या जंगलातल्या गावांत तर नाहीच. म्हणून बायका आपापल्या टोपल्या घेऊन त्या पाळीवर येतात. मी रायपूरच्या व्यापाऱ्याला फोन लावते, स्पीकर चालू करते आणि फोन पालथ्या टोपलीवर ठेवते. तो आजचा भाव सांगतो. सगळ्या ऐकतात. मग गाडीभाडं किती आणि माझं किती, हे मी मोठ्यानं सांगते आणि मगच काटा लावते. आमच्या भागात असं दुसरं कुणी करत नाही. माझं नाव उभं आहे ते त्या स्पीकरवर.

गेल्या मोहाच्या हंगामाआधी माझ्या फोनची बॅटरी टिकेनाशी झाली. दोन वर्षांचा फोन होता. कुरखेड्याच्या त्या दुकानदारानं मागचं झाकण गरम करून पातळ पत्तीनं उकललं, जुनी बॅटरी काढली, नवी बसवली. त्या दिवशी मी बाजारात संध्याकाळपर्यंत होते आणि फोन छान चालला. दुसऱ्या दिवशी गावात दुपारी दोनला बंद. तिसऱ्या दिवशीही तसंच.

मी फोनचा डेटा कधीच बंद करत नसे. महिन्याचा पॅक भरलेला, रोजचा डेटा रोज मिळतो, न वापरलेला वाया जातो. भरलेली वस्तू वाया घालवणारी मी नव्हे. सकाळी चहाच्या आधीपासून डेटा चालू, फोन कमरेच्या पिशवीत, आणि मी जंगलवाटेनं या गावाहून त्या गावाला. वाटेत रेंज येते-जाते, येते-जाते. त्याकडे कोण लक्ष देतो?

मग तो दिवस आला. पाळीवर वीसेक बायका टोपल्या घेऊन बसल्या होत्या. मी फोन काढला तर काळा ठिक्कर. बटण दाबलं, धरून ठेवलं, काही नाही. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"आजच बंद पडला काय वं बाई?" एक म्हातारी म्हणाली. ती माझी सगळ्यात जुनी विकणारी. मासळीच्या दिवसांपासून ओळखते.

"बॅटरी गेली, माय. भाव कालचाच धरू."

"कालचा काऊन? आज वाढला अशीन तं?"

मागून कुणीतरी बोललं, "वाढला म्हनूनच तं फोनले झोप आली."

सगळ्या हसल्या. मला चंद्रपूरचं दुकान आठवलं. मी शप्पथ घेतली, गळ्याला हात लावला. त्यांनी ऐकून घेतलं, पण सहा-सात जणी टोपल्या उचलून निघाल्या आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या दुसऱ्या व्यापाऱ्याच्या टेम्पोकडे गेल्या. इतक्या वर्षांत माझ्यासमोरून भरलेली टोपली उठून गेली नव्हती.

पुढच्या बाजारी मी त्या मोबाइलवाल्याच्या दुकानासमोर उभी राहिले. आत गेले नाही. आत गेले असते तर बोलणं आतच राहिलं असतं.

"कोनती बॅटरी टाकली तुमी माझ्या फोनात?"

"कंपनीची, बाई. डबा तुमच्यासमोर फोडला."

"डबा कंपनीचा अन् आत काय होतं? दोन वाजता मरते ते. लोकायच्या समोर माझं नाक कापलं."

तो हातातल्या फोनकडे बघत म्हणाला, "तुमच्या तिकडं टॉवर लय दूर हाय. डेटा चालू असला का फोन दिवसभर त्याले..."

"मले टॉवर नोका शिकवू. टॉवर तं जुन्या बॅटरीलेही तेवढाच दूर होता."

लोक जमले होते. कुणीतरी "बरोबर बोलली बाई" म्हणालं. माझा आवाज आणखी चढला.

"मंग एक काम करा," तो म्हणाला. "एक दिवस फोन इथी ठेवा. मी अर्धा दिवस वायफायवर चालवतो, अर्धा दिवस डेटावर. तुमी बसून पाहा. फरक दिसन."

"अन् तेवढ्यात आतली काढून दुसरी घाला. चोराच्या घरी फोन ठेवू काय मी?"

हा शब्द तिथं निघाला. तो पहिल्यांदा वर बघून माझ्याकडे पाहू लागला. मला वाटलं आता तोही ओरडेल, मग मजा येईल. भांडणात समोरचा ओरडला की मी जिंकते. तो ओरडला नाही. त्यानं हात पुढे केला, माझा फोन घेतला, सगळ्यांसमोर झाकण उकललं, पंधरा दिवसांची बॅटरी काढून बाजूला ठेवली आणि कपाटातून नवी काढून बसवली. पैसे मागितले नाहीत. झाकण दाबून धरताना त्याचा अंगठा पांढरा पडला होता, ते मी पाहिलं आणि मला बरं वाटलं. फोन घेऊन निघताना मी जमलेल्या बायकांना म्हटलं, "याच्याकडं फोन देत नोका जाऊ."

माझ्या शब्दाला किती वजन आहे, हे मला तेव्हा ठाऊक होतं. म्हणून तर मी तो वापरला. दहा-बारा गावांतल्या बायका मला विचारून बियाणं घेतात, मला विचारून मुलगी देतात. पुढच्या बाजारांत त्याच्या दुकानातली खुर्ची रिकामी दिसू लागली. जंगलाकडची माणसं फोन घेऊन दूरच्या वडशाला जाऊ लागली, बसचं भाडं घालून. मी जाता-येता खुर्चीकडे बघायची. रिकामी दिसली की समाधान वाटायचं. हे लिहिताना हात जड होतो, पण वाटायचं.

दुसरी बॅटरीही दुपारी दोनलाच मरत होती. शहाण्या माणसाला तिथंच शंका आली असती. मी ठरवलं की दुसरीही खोटी आहे. पाळीवर जाताना मी नातवाचा फोन उसना घेऊन जाऊ लागले आणि माझं काम चालू राहिलं.

मोह संपत आला तेव्हा एका दाखल्यासाठी मला आमच्या ग्रामपंचायतीत दिवसभर बसावं लागलं. तिथं नुकतंच वायफाय आलं होतं. संगणकावर बसणाऱ्या सूनबाईनं, गावातल्याच एकाची सून ती, मला कंटाळलेली बघून वायफाय जोडून दिलं. सकाळी दहा ते चार मी ओसरीत बसून नागपूरच्या लेकीशी व्हिडिओवर बोलले, दोन मालिकांचे भाग पाहिले, मालाचे फोटो पाठवले. चार वाजता बघते तर बॅटरी निम्म्याच्या वर. मला वाटलं आकडा अडकला.

मी काट्याची बाई आहे. नवा काटा आला की त्याच्यावर ओळखीचं वजन ठेवून बघते, तीन-तीनदा. फोनचंही तसंच केलं. पहिल्या दिवशी सकाळी पूर्ण चार्ज करून पंचायतीच्या ओसरीत वायफायवर दोन तास एकच व्हिडिओ चालवला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, तोच व्हिडिओ, तेवढाच उजेड ठेवून, घराच्या अंगणात डेटावर. तिसऱ्या दिवशी एसटीनं कुरखेड्याला गेले, टॉवरच्या जवळ एका ओट्यावर बसले आणि तिथं डेटावर चालवला. ओसरीत उतरली ती थोडीशी. कुरखेड्यात त्याहून थोडी जास्त. माझ्या अंगणात दोन तासांत निम्मी संपली, आणि व्हिडिओ अर्धा वेळ गोल-गोल फिरत थांबला होता. चौथ्या दिवशी मी फोन विमानवाल्या मोडवर टाकून पिशवीत घातला आणि तीन गावं फिरून आले. संध्याकाळी फोन जवळपास सकाळसारखाच होता.

हे मी त्या सूनबाईला दाखवलं. ती म्हणाली, "होय ना काकू. वायफायचा डबा तं इथी भिंतीवर हाय. फोनले त्याच्याशी हळू बोललं तरी चालते. टॉवर राह्यला पहाडाच्या तिकडं. तिथपर्यंत फोनले जोरानं बोला लागते. रेंज गेली का आणखी शोधत राह्यते, दिवसभर. त्यातच बॅटरी जाते. आपल्या सगळ्यायच्याच जाते."

"मंग जुनी बॅटरी पहिले बरी काऊन टिकत होती?"

"तवा तुमी डेटा एवढा चालू ठेवत होत्या काय?"

नव्हते ठेवत. रोजच्या डेटाचा पॅक मी त्याच हिवाळ्यात घेतला होता.

दुकानदार तेच सांगत होता. त्याचं वाक्य मी मधेच तोडलं होतं. त्यानं जी परीक्षा सुचवली होती, तीच मी चार दिवस घालवून केली, आणि तीही त्याला चोर म्हणून झाल्यावर. बॅटरी चांगली होती. पहिलीही, दुसरीही.

इथपर्यंत चूक होती. चूक कुणाचीही होते. पुढचं मी जाणूनबुजून केलं. मी गप्प बसले. सांगायचं तर कुणाला आणि कसं, असं स्वतःला विचारत राहिले. चारोळीचा हंगाम तोंडावर होता. पाळीवरच्या बायकांचा विश्वास नुकता परत बसला होता. 'मी तेव्हा चुकले' असं म्हटलं की त्या पुढचा प्रश्न विचारणार, हे मला कळत होतं. शिवाय मनात एक अढी होतीच. त्यानं नीट, मोठ्यानं का नाही सांगितलं? माझ्याकडे बघून का नाही बोलला? चूक माझी असली तरी थोडी त्याच्याही पदरात टाकता येते का, हे मी घासाघीस केल्यासारखं मनात करून बघत होते.

मे महिन्यात एकदा कुरखेड्याला गेले तर त्याच्या दुकानासमोर मातीचे माठ मांडलेले. मोबाइलचं दुकान आणि दारात माठ. तो बाहेर स्टुलावर बसला होता.

"आता टिकते काय बॅटरी, बाई?" त्यानं विचारलं. खोचक नाही. खरंच विचारत होता.

"ठीक हाय," मी म्हटलं.

"बरं झालं."

मी तेवढ्यावर पुढे जायला हवं होतं. पण माठ चांगले होते, पक्के भाजलेले. मी एक वाजवून पाहिला, भाव विचारला, आणि सवयीनं पाडायला सुरुवात केली. तोंड जरासं चिरलंय म्हटलं, बूड सारखं नाही म्हटलं. दोन्ही खोटं. तो म्हणाला, "द्या तुमाले जे वाटते ते." मी निम्म्यात माठ घेऊन आले.

घरी नवऱ्यानं माठ उतरवून घेतला. "कोनाकडून आनला?"

मी सांगितलं.

"तो तं मोबाइलवाला ना? माठ काऊन विकून राह्यला तो?"

 नवऱ्याला उत्तर ठाऊक होतं. तो भांडणाच्या दिवशी बाजारात होता, आणि त्या चार दिवसांच्या परीक्षेचं मीच त्याला सांगितलं होतं.  माठ त्यानं धुतला, भरला, त्यातलं पाणी मी प्यायले नाही.

दोन दिवसांनी, बाजार नसताना, मी दुकानात गेले. यावेळी आत. खुर्चीवर बसले आणि सगळं सांगितलं. ओसरी, अंगण, कुरखेड्याचा ओटा, विमानवाला मोड. मध्ये थांबले नाही, नाहीतर मी फाटे फोडले असते. तो टेबलावरचा एक बारीक स्क्रू चिमट्यानं इकडून तिकडे करत ऐकत होता.

"कधी समजलं हे तुमाले?"

"मोह संपता संपता."

"मंग माठ घेतला तवा ठाऊक होतं."

"होतं."

त्यानं मान हलवली. मी म्हटलं, "भाऊ, माझं चुकलं."

"इथी कोन ऐकून राह्यलं, बाई? मी तं पहिलेच जानत होतो बॅटरी चांगली हाय." मग तो म्हणाला, "जिथी म्हनलं तिथी म्हना."

बाजाराच्या दिवशी मी त्याच्या दुकानासमोर उभी राहिले, त्याच जागी. माझ्या गावांतल्या बायका चारोळी घेऊन आल्या होत्या. मी त्यांना बोलावलं. भांडायला मला आवाज शोधावा लागत नाही, त्या दिवशी शोधावा लागला. मी म्हटलं, "मोहाच्या वक्ताले मी याले चोर म्हनलं होतं. तो चोर नाई. बॅटरी चांगली होती. रेंज नसली अन् डेटा चालू असला का कोनतीही बॅटरी अशीच जाते. हे मी तपासून पायलं." वायफायचं, टॉवरचं सांगितलं. डेटा बंद कसा करायचा तेही फोन धरून दाखवलं.

 मग एक मधल्या वयाची बाई म्हणाली, "म्हनजे आमी वडशाले फुकट गेलो?"

"हो."

"बसचं भाडं घालून?"

"हो वं."

"तूच तं म्हनलं होतं."

"म्हनलं होतं."

म्हातारी पुढे आली. ती रागावली नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. "तुले कवा समजलं?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती. 'काल' म्हणता आलं असतं. दुकानदार आतून बघत होता, पण त्याच्यासाठी मी खरं बोलले असं नाही. त्या म्हातारीला मी मासळीच्या दिवसांपासून ओळखते.

"महिना झाला."

"महिनाभर चूप बसली?"

"बसली."

"मंग बाई," ती हळू म्हणाली, "पाळीवर तू जे जे सांगते, त्यातलं कायकाय चूप ठेवते?"

मला याच प्रश्नाची भीती होती. मी म्हटलं, "भाव तं तुमी कानानं ऐकता."

"भाव ऐकतो," ती म्हणाली. "बाकीचं तुझंच ऐकतो."

त्या दिवशी तिनं चारोळी मला दिली नाही. आणखी काही जणींनी नाही दिली. काहींनी दिली, पण काट्याजवळ वाकून बसल्या, जसं पूर्वी कधी बसल्या नव्हत्या. मी काटा त्यांच्याकडे वळवला.

पुढच्या बाजारापासून त्याच्या खुर्चीवर गिऱ्हाईक दिसू लागलं. एकदम नाही, एक-एक करून. पावसाळा लागायच्या आत माठ संपले आणि पुन्हा मांडले गेले नाहीत. ती म्हातारी हिरड्याच्या वेळी पाळीवर परत आली. भाव ऐकल्यावर ती आता मला रोज एक तरी उलटा प्रश्न विचारते, आणि मला उत्तर द्यावं लागतं.

श्रावणात माझ्या फोनची काच फुटली. मी त्याच्याकडे गेले. खुर्ची रिकामी होती, तो मोकळाच होता. त्यानं फोन हातात घेतला, उलटून पाहिला आणि टेबलावर माझ्याकडे सरकवला.

"दुसरीकडं दाखवा, बाई."

"काऊन? काच नाई काय तुमच्यापाशी?"

"काच हाय. पन तुमचा फोन मी नाई घेत आता."

माझ्या तोंडाशी दहा गोष्टी आल्या. चारचौघांत माफी मागितली, आणखी काय पाहिजे? दुकान उघडून बसलाय तर गिऱ्हाइकाला नाही म्हणायचा काय अधिकार? दुसऱ्या कुणी मला असं म्हटलं असतं तर मी बाजार गोळा केला असता. मी त्याच्याकडे पाहिलं. तो यावेळी माझ्याकडेच बघत होता, सरळ. मी फोन पिशवीत घातला आणि बाहेर आले.

आता मी दुरुस्तीला वडशाला जाते. बस स्टँडवर ओळखीचं कुणीतरी भेटतंच आणि विचारतं, इथं समोर दुकान असताना तिकडे काऊन? पहिल्या वेळी मी म्हटलं, तिकडे दुसरं काम आहे. मग त्या बाईनं काय काम आहे ते विचारलं, आणि मला पुढचं खोटं सुचलं नाही. आता जो विचारतो त्याला सांगते की तो माझा फोन घेत नाही. काऊन घेत नाही, असं विचारलं तर तेही सांगते. बस यायला वेळ असतो.